इंग्रजी ‘एक्झॉर्ट’ (exhort) या क्रियापदाला मराठीत ‘आवाहन’ म्हणू नये असं माझं मत, तुमचं सांगा

केळीबाग (रावेर):
गेल्या पावसाळ्यात एक इंग्रजी पत्रक मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. विषय केळीवरचा हरण्या, म्हणजे मावा या किडीमार्फत पसरणारा कुकुंबर मोझॅक व्हायरस. त्यात वाक्य होतं, ‘फार्मर्स आर एक्झॉर्टेड टू अपरूट द इन्फेक्टेड प्लांट्स.’ हाताच्या सवयीने मी लिहून टाकलं, ‘शेतकऱ्यांनी रोगट झाडे उपटून नष्ट करावीत, असे आवाहन करण्यात येत आहे.’ पत्रक छापलं, वाटलं. आमच्या काकांनी ते वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं. दोन महिन्यांची लागवड, पानांवर पिवळे पट्टे, आणि झाडं जागच्या जागी.

चार दिवसांनी शेजारचे बापू बांधावर आले. स्वतःच्या बागेतली रोगट रोपं काढूनच आले होते, बोटं चिकाने काळी पडलेली. म्हणाले, “भो, आज हे दहा उपट. मावा तिकडे आला तं उद्या मही बी बाग जाईन.” काका काही बोलले नाहीत. ऊन उतरल्यावर मात्र कुदळ घेऊन निघाले.

माझ्या मते बापूंनी केलं ते एक्झॉर्ट. लॅटिनमध्ये ‘हॉर्तारी’ म्हणजे हुरूप देणं, पुढे व्हायला लावणं. आधीचा ‘एक्स’ त्याला जोर देतो. बोलणाऱ्याचा जीव त्यात गुंतलेला असतो. म्हणून मराठीत ‘कळकळीने सांगणे’ हवं. ‘आवाहन’ पत्रकांनी पार झिजवून टाकलंय.

गिरणाकाठ (चाळीसगाव):
दादा, पटलं नाही. दोष ‘आवाहन’चा नाही, ‘करण्यात येत आहे’चा आहे. कोण करतंय, याचा पत्ताच नाही त्यात. आणि तुमचं मूळ इंग्रजी वाक्यही तसंच आहे की! ‘आर एक्झॉर्टेड’, पण कोणाकडून? तिथेही बोलणारा गायब. मग एक्झॉर्टमध्ये कळकळ आपोआप येते हे कशावरून?

आवाहन हा पूजेतला शब्द आहे, देवाला जवळ बोलावण्याचा. १९३६च्या फैजपूर काँग्रेससाठी साने गुरुजी खान्देशात गावोगाव फिरले, ते आवाहनच. तेव्हा कोणाला हा शब्द झिजलेला वाटला नसेल. तो वाचवायचा की टाकून द्यायचा? निम्मे लोक त्याच्या जागी ‘आव्हान’ लिहितात आणि मदत मागायची तिथे कुस्तीला बोलावतात, त्याचा मला जास्त त्रास होतो.

केळीबाग (रावेर):
मूळ वाक्याबद्दलचं बरोबर आहे, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण आवाहन लांबून आणि सगळ्यांना मिळून करता येतं. बापू एकाच माणसाशी बोलत होते.

पांझराकाठ (धुळे):
मग ते ‘अर्ज’ झालं, एक्झॉर्ट नाही. (हा अर्ज कचेरीत देतात तो नव्हे, इंग्रजी क्रियापद urge, आग्रह करणं.) वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय म्हणून आग्रहाने सांगतो. एकट्या माणसाला घरात बसून ‘अर्ज’ करता येतं. एक्झॉर्ट शोभतं ते सभेत, रणात, मैदानावर कप्तान संघाला ओरडून सांगतो तिथे. बोलण्याला उंची लागते. बापूंचं बोलणं मोलाचं, पण ते गळ घालणं झालं.

मुलं आणखी दोन चुका करतात. एक, ‘एक्स्टॉर्ट’शी गोंधळ. ते ‘पिळून काढणं’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय, म्हणजे खंडणी. एक्झॉर्टमधला एच तर उच्चारतही नाहीत, ‘इग्झॉर्ट’ म्हणतात. दुसरी चूक मोठी. ‘प्रवृत्त केले’ असं भाषांतर करतात. प्रवृत्त केलं म्हणजे समोरच्याने ऐकलं. एक्झॉर्ट ऐकलं की नाही याबद्दल काहीच सांगत नाही. सांगणाऱ्याने जीव ओतून सांगितलं, एवढंच.

आमच्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या गीतेत कृष्ण आधी ‘ऊठ’ म्हणतो, अठरा अध्याय समजावतो आणि शेवटाकडे काय म्हणतो? ‘यथेच्छसि तथा कुरु’. तुला वाटेल तसं कर. मला एक्झॉर्ट शिकवायला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. जोर पुरेपूर, पण हात धरून ओढणं नाही.

नवापूरवासी:
सर, उंची लागतेच असं नाही. आमच्याकडे चर्चमध्ये मराठी बायबलात या जागी ‘बोध करणे’ वाचतात. पौलाच्या पत्रांत मूळ ग्रीक क्रियापद ‘पाराकालेओ’ आहे. अक्षरशः, जवळ बोलावणं. त्याच एका शब्दाचं इंग्रजीत कुठे एक्झॉर्ट होतं, कुठे विनवणी, कुठे सांत्वन. दुःखात असलेल्याच्या शेजारी बसून ‘चल, उठ आता’ म्हणणं हेही त्यात येतं. माझ्या आईच्या वेळी पाळकांनी मला असंच उठवलं होतं. आवाज चढवला नव्हता.

पांझराकाठ (धुळे):
ग्रीकचं मान्य, ताई. पण आजच्या इंग्रजीत सांत्वनाला एक्झॉर्ट म्हणत नाहीत. आणि ‘बोध’ आता मराठीत गोष्टीच्या शेवटी येतो, माणूस उठत नाही त्याने. माझं मत ‘चेतवणे’ला.

तापीकाठ (शिरपूर):
‘चेतवणे’ने तर दंगलीही होतात, सर. घरात आम्ही अहिराणी बोलतो. आजी म्हणायची, “तू कर, तुना मांगे मी शे ना.” याला नावच देत नाही आम्ही, नुसतं बोलतो. ‘अमक्याने अमक्याला एक्झॉर्ट केले’ असं सांगायची इंग्रजीला गरज पडते. आपण त्या माणसाचं बोलणंच सांगतो, ‘ऊठ म्हणाला’. मराठीत क्रियापद शोधत बसण्यापेक्षा वाक्य मोडून लिहा.

गिरणाकाठ (चाळीसगाव):
कथेत चालेल. बातमीत, ठरावात कसं चालेल? तिथे एक क्रियापद लागतंच आणि माझ्या मते ते आवाहन. फक्त कर्ता लिहा.

केळीबाग (रावेर):
यंदाचं पत्रक परत माझ्याकडेच आलंय. तापीकाठांचं ऐकून क्रियापद काढलं आणि गिरणाकाठांचं ऐकून कर्ता घातला: ‘हरण्या दिसला की रोप त्याच दिवशी मुळासकट उपटा आणि गाडा. आम्ही आमची काढली आहेत. – तुमच्या शिवारातले केळी उत्पादक.’ खाली सही करायला बापू तयार आहेत. काकांना विचारायचं बाकी आहे.