मदत हवी आहे : कक्षेतून सामान खाली आणणाऱ्या कुपीचं उष्णता-कवच

मंडळी, यावल तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. नववीच्या चौघींनी प्रदर्शनासाठी विषय घेतलाय : पृथ्वीभोवतीच्या कक्षेत तयार झालेलं औषध कमी खर्चात जमिनीवर कसं आणायचं.

कुपी ताशी सुमारे २८ हजार कि.मी. वेगानं परत येते. तो सगळा वेग इंधन जाळून मारायचा तर ते इंधनही आधी वर न्यावं लागेल. त्यापेक्षा हवेलाच ब्रेक लावू द्यायचा आणि ताप कवचानं सोसायचा. इस्रोची ५५० किलोची कुपी जानेवारी २००७ मध्ये १२ दिवस फिरून अशीच बंगालच्या उपसागरात उतरली. वार्डा कंपनीची छोटी कुपी फेब्रुवारी २०२४ मध्ये रिटोनाविर या औषधाचे स्फटिक घेऊन थेट अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात आली, म्हणजे जहाजांचा खर्चही वाचला.

चीनच्या जुन्या परतीच्या उपग्रहांना ओकच्या लाकडाचं कवच होतं, हे वाचून मुलींनी बाभूळ घेतली. २ सें.मी. जाडीची एक चकती बाभळीची, एक बुचाची (कॉर्कची). गॅस टॉर्च २ मिनिटं. बाभूळ तडकली. बुचावर मात्र काळी खरपुडी धरली आणि मागची बाजू जेमतेम कोमट! पण टॉर्च बंद केल्यावरही मागचं तापमान चढतच राहिलं; पाच मिनिटांनी हात लावता येईना. एक मुलगी म्हणाली, "सर, भरताचं वांगं पऱ्हाट्यांवरून काढल्यावर पण आत शिजतच राहतं ना, तसंच."

आता औषध कसं वाचवायचं? जाडी वाढवली की वजन वाढतं, वजन वाढलं की खर्च. आणि टॉर्चच्या चाचणीवर कितपत दावा करावा? मुलींच्या तोंडून चुकीचं काही जाऊ नये.

प्रतिसाद १
सर, मुलीनं नेमकं दुखणं पकडलंय. जाडी वाढवू नका. बुचामागे ग्लासवूलचा थर द्या, मग औषधाचा डबा. डब्यापर्यंत जाणारे स्क्रू टाळा, धातूतून उष्णता सरळ आत जाते. रशियाचं सोयूझ यान पॅराशूट उघडल्यावर तापलेलं कवच टाकूनच देतं. तुम्हीही ते सुटं करून दाखवा. तोंड टोकदार नको, बोथट हवं. त्यानं दाबलेल्या हवेचा थर पुढे राहतो आणि बरीच उष्णता बाजूनं निघून जाते. टॉर्चवरून दोन कवचांतलं बरं कोणतं, एवढंच सांगा. खरी परीक्षा प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूच्या, झोतात होते.

धागाकर्ता
फार आभार. आमचे चारही स्क्रू आरपार आहेत. उद्या पहिल्या तासाला काढतो.