फोर बाय फोरचे जादा पैसे कोणी मोजावेत?

रानवाट:
केवळ मागच्या चाकांवर चालणारी महिंद्राची स्वस्त थार 2023 मध्ये आली आणि तेव्हापासून ‘फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी गाडी) हवीच कशाला’ असा प्रश्न वारंवार कानावर येतो. हॉलंडच्या स्पायकर कंपनीने 1903 मध्येच चारही चाकांना जोर देणारी मोटार बनवली होती. पण ही रचना जगाला माहीत झाली ती दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमुळे, कारण जिथे रस्ताच नव्हता तिथेही ती पोहोचत असे. महायुद्धानंतर महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली.

साध्या डिफरन्शियलच्या (वळताना जोडीच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या) गाडीत एक चाक चिखलात जागच्या जागी फिरू लागले की जोडीच्या चाकाचाही जोर जातो; अशा वेळी पुढची चाके ओढायला असली तर गाडी निघण्याची आशा राहते. माझ्या मते मात्र याहून मोठा लाभ लो गिअरचा, म्हणजे अशा गाडीतल्या जादा, संथ गतीच्या गिअरचा आहे. त्यात इंजिनाचा जोर वाढून चाकांपर्यंत पोहोचतो, खडा चढ क्लच न जाळता सावकाश चढता येतो आणि उतारावर इंजिनच गाडीला रोखून धरते. ऐन पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या उतारावरून कलमांसाठी खताची पोती नेणाऱ्याला ही हौस वाटत नाही.

डांबरी सडक:
तुमच्या बागेपुरते मला पूर्ण मान्य आहे. माझी हरकत आहे ती ‘फोर बाय फोर म्हणजे सुरक्षित’ या समजाला. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात; त्यामुळे ओल्या महामार्गावर ही गाडी इतरांपेक्षा लवकर थांबत नाही, उलट सहज वेग घेत असल्यामुळे चालकाला घसरणीचा अंदाज उशिरा येतो. इंग्लंडच्या जेन्सन एफएफ या मोटारीत 1966 मध्येच चारचाकी जोराच्या सोबतीला चाके अडकू न देणारे ब्रेक दिले होते, म्हणजे एकाने दुसऱ्याचे काम होत नाही हे तिच्या रचनाकारांनी ओळखले होते.

शिवाय साध्या ट्रान्सफर केसच्या (इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांकडे पाठवणाऱ्या पेटीच्या) गाडीत कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळू नये. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण त्यांच्याकडे जोर नेणारे दोन्ही शाफ्ट (दांडे) एकत्र बांधलेले असल्यामुळे तो ताण टायर आणि गिअरवर येतो.

घाटवळण:
हा आक्षेप जुन्या पद्धतीच्या रचनेला लागू पडतो. 1980 च्या ऑडी क्वाट्रोत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये तिसरे डिफरन्शियल होते, म्हणून ती डांबरावरही कायम चारही चाकांवर धावे. तिच्या बळावर ऑडीने 1982 आणि 1984 मध्ये जागतिक रॅलीचे उत्पादक विजेतेपद मिळवले. वळणातून बाहेर पडताना जोर चार चाकांत वाटला जाण्याचा लाभ ज्याने घाटात अनुभवला आहे, तो डांबरावर या रचनेला निरुपयोगी म्हणणार नाही.

काळी माती:
आमच्या मराठवाड्याचा अनुभव तिघांनीही लक्षात घ्यावा. काळी चिकण माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो आणि मग चारही चाके एकदमच फिरतात. अशा वेळी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. जादा पैसे मोजायचेच असतील तर ते आधी चांगल्या टायरवर मोजावेत, असे माझे ठाम मत आहे.

रानवाट:
टायरचा मुद्दा मी मान्य करतो. तरीही खताने भरलेली गाडी उतारावर धरून ठेवायला मला लो गिअरच लागतो, आणि ते काम कोणताही टायर करत नाही.