मदत हवी आहे : इंधन संपले, मदतीचा माणूस आला, तरी गाडी सुरू झाली नाही, आता टोईंगचे पैसे भरावेत का?

सिद्धेश्वर_पेठ
नमस्कार. काल रात्री पुण्याहून परतताना सावळेश्वरचा टोलनाका ओलांडून आम्ही लांबोटीजवळ आलो आणि चढावर आमच्या गाडीतील इंधन संपले. काटा पाव टाकी दाखवत होता, म्हणून मोहोळला पंप समोर असूनही थांबलो नाही. मदत क्रमांकावर फोन केल्यावर पावणेदोन तासांनी एक माणूस पाच लिटर इंधन घेऊन आला आणि त्याने ते टाकीत ओतले, परंतु गाडी सुरू झाली नाही. बराच वेळ स्टार्टर मारून झाल्यावर ‘इंधन पंप गेला आहे’ असे सांगत त्याने क्रेन मागवली आणि गाडी शहराबाहेरच्या एका यार्डात नेऊन लावली. इंधनाचे आणि येण्याजाण्याचे १,८०० रुपये मी तिथल्या तिथे दिले. आता टोईंग व यार्डभाडे मिळून ६,५०० रुपये मागत आहेत आणि ते दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही, असे म्हणत आहेत. परवा सकाळी सात वाजता आईला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी न्यायचे आहे. कृपया एवढेच सांगा, पैसे भरावेत की भरू नयेत?

होटगी_रस्ता
ताई, एवढ्या माहितीवर हो किंवा नाही सांगता येणार नाही. फोन नेमका कोणत्या क्रमांकावर केला होता? विम्याच्या पॉलिसीवरील, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या योजनेचा, की इंटरनेटवर शोधून मिळालेला? तिन्हींचे नियम वेगळे असतात. १,८०० रुपयांची पावती मिळाली का? आणि गाडी पेट्रोलची आहे की डिझेलची?

जुना_मालवाहतूकदार
मी सव्वीस वर्षे याच रस्त्याने हैदराबादपर्यंत गाड्या नेल्या आहेत. काट्यावर विश्वास ठेवू नये, अर्धी टाकी झाली की पंपावर वळावे. प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरून किलोमीटर लिहून ठेवले, तर काटा बंद पडला तरी इंधन किती उरले आहे ते कळते.

सिद्धेश्वर_पेठ
काका, सल्ला योग्य आहे, पण गाडी आज यार्डात अडकली आहे. फोन विमा पॉलिसीवरील क्रमांकावर केला होता, कारण आम्ही ‘रोडसाइड असिस्टन्स’चे, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडल्यास मदतीचे, अतिरिक्त कवच घेतले आहे. पावती नाही, पण पैसे यूपीआयने दिले आहेत. पेट्रोल की डिझेल, याने ६,५०० रुपयांत काय फरक पडणार आहे?

डफरीन_चौक
पुढच्या वेळी महामार्गावर १०३३ हा क्रमांक लावावा. तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असून चोवीस तास चालू असतो. आमचे टायर फुटले होते तेव्हा गस्तीची गाडी आली होती आणि तिच्यातल्या माणसांनी मागे लाल शंकू ठेवले होते.

पाना_आणि_फिल्टर
ताई, फरक पडतो आणि तुमच्या प्रकरणात बहुधा सगळा फरक तिथेच आहे. पेट्रोल गाडीचे इंधन संपले, तर नवे इंधन ओतून काही वेळा चावी फिरवली की ती बहुतेक वेळा सुरू होते. डिझेल गाडीची टाकी पूर्ण कोरडी पडली, तर नळीत आणि फिल्टरमध्ये हवा शिरते आणि ती हवा काढल्याशिवाय, आमच्या भाषेत ‘एअर काढल्याशिवाय’, पाच काय पंधरा लिटर ओतले तरी इंजिन धरत नाही. अनेक गाड्यांत फिल्टरजवळ हाताने दाबायचा छोटा पंप असतो. तो कडक लागेपर्यंत दाबायचा, मगच स्टार्टर मारायचा आणि तोही दहा सेकंदांहून अधिक नाही. नुसता स्टार्टर मारत राहिल्याने बॅटरी उतरते. शिवाय डिझेलच्या उच्चदाब पंपाला वंगण डिझेलचेच मिळते, म्हणून तो कोरडा फिरवणे वाईट. गाडी चढावर उभी असल्यास थोडे डिझेल टाकीच्या एका बाजूला साचते आणि ते नळीच्या तोंडापर्यंत पोहोचतही नाही. तुमची गाडी डिझेलची असेल, तर पंप गेल्याचे निदान घाईचे आहे.

सिद्धेश्वर_पेठ
गाडी डिझेलची आहे. त्या माणसाने बॉनेट उघडलेच नव्हते.

जुना_मालवाहतूकदार
मग यात अवघड काय आहे? इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाची, नळी पान्याने सैल करावी, स्टार्टर मारावा, डिझेल बाहेर आले की आवळावी. आम्ही रस्त्यावर शंभर वेळा असे केले आहे.

पाना_आणि_फिल्टर
काका, जुन्या इंजिनांना ते चालत होते. आताच्या कॉमन रेल इंजिनाच्या, म्हणजे एका सामायिक नळीतून सर्व इंजेक्टरना उच्च दाबाने डिझेल देणाऱ्या इंजिनाच्या, नळ्यांत चालू असताना हजार बारच्या (बार हे दाबाचे एकक) पुढे आणि नुसत्या स्टार्टरवरही शेकडो बार दाब असतो. तो फवारा कातडीच्या आत शिरतो आणि बोट कापावे लागण्याची वेळ येते. ताई, कृपया त्या नळ्यांना कोणालाही हात लावू देऊ नका, हवा फक्त फिल्टरकडूनच काढायची.

जुना_मालवाहतूकदार
नव्या इंजिनांबाबत तुमचे म्हणणे मान्य आहे. गाडी कोणत्या सालची आहे, हे ताईंनी सांगितले नव्हते, म्हणून लिहिले.

अक्कलकोट_नाका
या सगळ्यावर सोपा उपाय म्हणजे डिकीत दोन लिटरची प्लास्टिकची बाटली भरून ठेवणे. मी पेट्रोलची नेहमी ठेवतो.

होटगी_रस्ता
असे करू नये. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार परवान्याशिवाय बाळगलेले पेट्रोल काच, चिनी माती किंवा धातूच्या घट्ट झाकणाच्या भांड्यातच ठेवावे लागते. सोलापूरच्या उन्हात बंद डिकीतील प्लास्टिकच्या बाटलीचे काय होईल, याचा विचार करावा.
ताई, आता तुमचा मूळ प्रश्न. क्रेन कोणी मागवली, यावर सगळे अवलंबून आहे. अनेक पॉलिसींत इंधन पोहोचवणे कवचात असते आणि इंधनाची किंमत मात्र ग्राहकाने द्यायची असते. ठरावीक अंतरापर्यंतचे टोईंगही बहुधा कवचातच असते. पण दोन्ही सेवा विमा कंपनीकडे नोंदवाव्या लागतात. त्या माणसाने परस्पर क्रेन बोलावली असेल, तर विमा कंपनीच्या लेखी ते टोईंग झालेलेच नाही. तुम्हाला आलेला संदेश पाहा, त्यात कोणती सेवा लिहिली आहे?

सिद्धेश्वर_पेठ
संदेशात केवळ ‘इंधन पुरवठा’ असे लिहिले आहे. आत्ताच फोन करून विचारले, तर टोईंगची नोंद नाही, असे उत्तर मिळाले. म्हणजे दोष आमचाच का?

होटगी_रस्ता
दोष तुमचा नाही. माणूस त्यांनी पाठवला होता आणि त्याने तुम्हाला विचारून, दर सांगून क्रेन बोलावली नव्हती. तरीही परवाची शस्त्रक्रिया महत्त्वाची आहे, म्हणून यार्डाशी भांडत बसू नका. आधी विमा कंपनीला ईमेल करा, त्यात इंधनाच्या सेवेचा क्रमांक, वेळ, यूपीआयचा तपशील आणि बॉनेट न उघडता केलेले निदान, हे सर्व लिहा. नंतर यार्डाकडून टोईंगचे अंतर आणि दर वेगवेगळे दाखवणारी छापील पावती मागा आणि पैसे भरावेच लागले, तर पावतीवर ‘हरकत कायम ठेवून भरले’ असे लिहून सही करा. तीस दिवसांत कंपनीने समाधान केले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

डफरीन_चौक
जिल्हा ग्राहक आयोग सोलापुरातच आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

पाना_आणि_फिल्टर
यार्डातून गाडी पुन्हा क्रेनने काढू नका, तो आणखी एक खर्च होईल. एखादा मेकॅनिक सोबत न्या, किमान दहा लिटर डिझेल न्या आणि जागेवरच एअर काढून घ्या.

सिद्धेश्वर_पेठ
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी मेकॅनिकला घेऊन यार्डात गेले. दहा लिटर डिझेल ओतून त्याने फिल्टरजवळचा पंप दाबला आणि वीस मिनिटांत गाडी सुरू झाली. पंप शाबूत आहे. त्याच्याकडून तसे लेखी घेतले आहे. यार्डवाल्यांनी दराची फोड मागितल्यावर भाडे वगळले आणि ४,२०० रुपयांची पावती दिली. हरकत लिहून ते पैसे भरले व पावती ईमेलसोबत विमा कंपनीला पाठवली. आईला उद्या याच गाडीतून नेणार आहे.
एक प्रश्न उरला आहे. दहा लिटर ओतल्यावरही काटा पाव टाकीवरच अडकला आहे. टाकीतील फ्लोट, म्हणजे इंधनाची पातळी दाखवणारा तरंगता भाग, बदलावा लागेल का? आणि त्यासाठी टाकी उतरवावी लागते का?

पाना_आणि_फिल्टर
बहुतेक गाड्यांत मागचे आसन उचलले की खाली झाकण असते, टाकी उतरवावी लागत नाही. आधी वायरीचा जोड तपासून घ्या. गाडीचे मॉडेल आणि साल सांगा, म्हणजे नेमके सांगता येईल.