उबुंटू गावात पोचलं, फ्रीबीएसडी का नाही?

डिचोलीचा मास्तर:
परवा हायस्कूलच्या कॉम्प्युटर लॅबचं कपाट आवरताना उबुंटूची सीडी सापडली, कागदी पाकिटासकट. उबुंटू म्हणजे विंडोजसारखी, कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टम. परदेशातून पोस्टाने आलेली, एक पैसा न घेता. फ्रीबीएसडी ही तशीच दुसरी सिस्टम, तितकीच मोफत, पण आमच्या पोरांनी त्याचं नावसुद्धा ऐकलेलं नाही. माझं मत असं की सिस्टम किती चांगली यावर फारसं काही ठरत नाही. अडल्यावर धावून कोण येतं, यावर ठरतं. प्रश्नपत्रिका छापायच्या आदल्या दिवशी प्रिंटर हटून बसला, तेव्हा शेजारच्या साखळी गावचा एक मुलगा भर पावसात आला आणि संध्याकाळपर्यंत बसून तो चालवून गेला. त्याला उबुंटू येत होतं, म्हणून लॅबमध्ये उबुंटू राहिलं.

मडगावकरीण:
सर, असा मुलगा तयार व्हायला वर्षं लागतात आणि बीएसडीची, म्हणजे बर्कलीच्या विद्यापीठात वाढलेल्या ज्या युनिक्स सिस्टममधून फ्रीबीएसडी आलं तिची, नेमकी तीच वर्षं कोर्टात गेली. 1992 मध्ये एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या युनिक्स विभागाने, बीएसडी विकणाऱ्या बीएसडीआय कंपनीवर आपला कोड वापरल्याचा दावा लावला, पुढे त्यात बर्कलीचं विद्यापीठही ओढलं गेलं. तडजोड झाली 1994 मध्ये. तोवर कोण हात घालणार त्या कोडला? उबुंटू ज्यावर चालतं ते लिनक्स 1991 मध्ये आलं, पुढच्याच वर्षी जीपीएल या खुल्या लायसन्सखाली गेलं आणि सगळे तिकडे वळले. 386बीएसडी, म्हणजे साध्या पीसीवर चालणारं बीएसडी, वेळेवर हाती आलं असतं तर बहुधा लिनक्स लिहिलंच नसतं, असं लिनक्स लिहिणारे खुद्द टोरवाल्ड्स म्हणाले आहेत. वेळ चुकली, एवढंच.

सर्व्हरवाला, फोंडा:
मला प्रश्नच पटत नाही. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. प्लेस्टेशन 4 ची सिस्टमही त्यातूनच बनली. बीएसडीचं लायसन्स म्हणतं, घ्या, बदला, कोड न दाखवता विका, फक्त आमचं नाव राहू द्या. म्हणून ते दुसऱ्यांच्या वस्तूंच्या पोटात जाऊन बसलं. दिसत नाही म्हणजे चालत नाही, असं कसं म्हणता?

डिचोलीचा मास्तर:
पोटातल्या सिस्टमवर पोरं शिकत नाहीत हो. आणि ताई, कोर्टाचं मान्य, पण मग डेबियनचं काय? 1993 पासून आहे, तेच लिनक्स, त्याच्यावर कुणाचा दावा नव्हता. तरी आमच्या शाळेत आलं ते डेबियनवरच उभं राहिलेलं उबुंटू, 2004 मध्ये सुरू झालेलं.

मडगावकरीण:
कारण मागे उबुंटू सुरू करणाऱ्या शटलवर्थचा पैसा होता! तुमची सीडी तुम्हाला फुकट पडली, पाठवणाऱ्याला नाही. नुसत्या धावून येण्याने गावोगाव पाकिटं पोचत नाहीत.

डिचोलीचा मास्तर:
पाकिटं 2011 मध्ये बंद झाली, लॅब अजून चालू आहे. साखळीच्या मुलाने तेव्हा नववीतल्या दोघांना शेजारी बसवून शिकवलं होतं. त्यातली एक आता पुण्याला असते. दर चतुर्थीला घरी आली की एक सकाळ शाळेला देते आणि सगळी मशिनं अपडेट करून जाते. फोंड्याचे भाऊ, तुम्हाला फ्रीबीएसडी येतं ना? दहावीची परीक्षा संपली की या. खिडकीजवळचं एक मशीन मोकळं करून ठेवतो, आठवीची दोन पोरं शेजारी बसवा.