बोर्ड रंगवायचा धंदा की कलाशिक्षण? कोल्हापूरकरांनो जरा सांगा

उचगावकरीण:
पोरगी बारावी झाली. ड्रॉइंगच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड, आता म्हणते चित्रकलाच शिकणार आणि तेही इथंच. सासरे म्हणतात, शिकून काय करणार, दुकानांचे बोर्ड रंगवणार. गावात एवढ्या कलाशाळा आल्या कुठनं आणि काढल्या कुणासाठी, कुणी नीट सांगेल का?

घाटावरचा:
ताई, सासऱ्यांना विचारा, आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर, त्यांचं मूळ आडनाव काय होतं. मेस्त्री! आनंदराव आणि बाबूराव हे नात्यानं भाऊ, दोघांनी कुठल्या आर्ट स्कूलचं तोंड बघितलं नाही, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत हात बसला आणि पेंटर हे त्या धंद्याचंच नाव आडनाव होऊन बसलं. आनंदराव १९१६ ला गेले, मग बाबूरावांनी कॅमेरा स्वतः तयार केला, १९२० ला त्यांचा सैरंध्री सिनेमा आला. दामले, फत्तेलाल, शांताराम हे पुढचे मोठे सिनेमावाले सगळे त्यांच्याच फिल्म कंपनीतले, कामावर राहून शिकलेले. म्हणजे इथं शाळेच्या आधी कारखाना होता हो.

जुना विद्यार्थी:
वरचं बरोबर पण अर्धंच. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे.जे. आर्ट स्कूलमध्ये शिकून आलेले, शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमलं. पण मुंबईला जाऊन राहायचं किती जणांना जमणार? दत्तोबा दळवींची दळवीज, नंतर कलानिकेतन, ह्या इथल्या कलाशाळांचा मोठा उपयोग तोच, की कागल राधानगरीकडचं पोरगं सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळी घरी जेवायला जाऊ शकतं.
मी ज्या कॉलेजात होतो (नाव नको) तिथं प्लास्टरच्या पुतळ्याचं नाक फुटलेलं, वर्षभर आम्ही नाक मनानंच काढलं, प्रत्येकाचं वेगळं 😄 खरं शिकलो ते पंचगंगेच्या घाटावर. सकाळी सहाला ड्रॉइंग बोर्ड मांडीवर, डबड्यात नदीचंच पाणी, मागं अंघोळीला आलेले आजोबा उभे. सरांनी एकदा माझं आख्खं आभाळ ओल्या फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, आधी पाण्यात बघ मग वर बघ. तेव्हा जाम राग आला होता, आता मी पोरांना तेच सांगतो.

राजारामपुरी ७ वी गल्ली:
एवढं वाचत बसण्यापेक्षा सासऱ्यांनाच घेऊन जावा की. आमच्याकडं चंद्रकांत मांडरे संग्रहालय आहे, सिनेमातला हिरो म्हणून ओळखत असतील तर त्याची लँडस्केप बघून गप होतील. शाहू स्मारक भवनात चित्रांचं प्रदर्शन लागलं की तेपण दाखवा. फक्त फी आणि मान्यता कॉलेजात जाऊन स्वतः विचारा, व्हॉट्सॅपवरच्या पीडीएफवर जाऊ नका.

उचगावकरीण:
सगळं वाचून दाखवलं. मेस्त्रीवर जरा थांबले, मग म्हणाले, बरं, आधी आपल्या पिठाच्या गिरणीचा बोर्ड रंगवून दे म्हणावं. पोरगी म्हणते अॅडव्हान्स पाहिजे.