‘तुमच्या पिढीला ना गाणं कळतं ना पुस्तक’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

चाफेकळी:
परवा तंबोरा काकांनी इथे लिहिलं की पंचविशीतल्या पोरापोरींना गाणं म्हणजे ‘गुलाबी साडी’ आणि वाचन म्हणजे स्टेटस, मराठीला अभिजात दर्जा मिळून करायचंय काय. दोन दिवस गप्प बसले, आज राहवत नाही. मी २६ ची, चाळीसगावची, नोकरीला पुण्यात.

हो, ऐकते गुलाबी साडी. २०२४ च्या फेब्रुवारीत आलं तेव्हापासून ऐकतेय. संजू राठोड आमच्या जळगाव जिल्ह्यातला, पाठीशी ना घराणं ना मोठा सिनेमा, आणि माझ्या ऑफिसातल्या तमिळ, बंगाली पोरींनी पहिल्यांदा मराठी शब्द तोंडात घेतले ते त्याच्या गाण्यामुळे. याची लाज का वाटावी मला? आणि त्याच्या महिनाभर आधी, १३ जानेवारीला, शास्त्रीय गायिका प्रभाताई अत्रे गेल्या त्या रात्री मी रूमवर दिवे बंद करून त्यांचा मारुबिहाग राग लावून बसले होते. मला सरगम लिहिता येत नाही पण पोटात तुटलं ते खरं होतं. दोन्ही एकाच फोनमध्ये आहे काका.

आता पुस्तकांचं. मे २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांना इंटरनॅशनल बुकर मिळालं, इंग्रजीत अनुवाद झालेल्या पुस्तकांसाठीचं बक्षीस. कन्नड कथा, दीपा भास्ती यांनी इंग्रजीत नेलेल्या, बक्षिसाचे ५० हजार पौंड दोघींना निम्मे निम्मे. मी त्या कथा वाचल्या, मुस्लिम घरांतल्या बायकांच्या, आणि एकेक कथा संपल्यावर पुस्तक पालथं घालून बसायचे. आनंद झाला आणि हेवाही वाटला. २०२२ ला हिंदीला मिळालं, मग कन्नडला. आपल्याकडे लिहिणारे नाहीत का? आहेत. पण त्यांना बाहेर नेणारा अनुवादक कुठे आहे, आणि असला तरी कित्येक पुस्तकांवर त्याचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात. अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ ला मिळाला तो जुन्या मराठीच्या पुण्याईवर. आज लिहितायत त्यांच्यापर्यंत त्यातलं काय पोचलं?

आणि एक सांगते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या मराठी साहित्य संमेलनात ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या, लोकसाहित्याच्या अभ्यासक. त्यांचं बायकांच्या ओव्यांवरचं बोलणं ऐकलं आणि दिवाळीत आजीसमोर फोन ठेवला, म्हटलं गा. ८२ वर्षांची आजी, आठवेच ना तिला. मग स्वयंपाकघरातलं ताट पुढ्यात पालथं घातलं, त्यावर मूठ ठेवून गोल फिरवायला लागली, जात्याचा खुंटा धरल्यासारखी, आणि धडाधड अकरा ओव्या आल्या. हात फिरायचा थांबला की ओवी थांबायची. आम्हाला ओढ नाही असं म्हणू नका. आमच्यापर्यंत पोचत नाही असं म्हणा.

तंबोरा:
तुमचं वय बघून नाही लिहिलं, अनुभवावरून लिहिलं. ३१ वर्षं गाणं शिकवतोय. पूर्वी मुली वर्षभर नुसता सा लावायच्या. गेल्या वर्षी एक हुशार मुलगी आली, गळा असा की मीच रात्री घरी सांगितलं, ही नाव काढेल. तिसऱ्या महिन्यात भूप रागाचा रील टाकला, हजारो लाईक आले आणि क्लास बंद. मला राग त्या मुलीचा नाही, तो गळा वाया गेला याचा आहे. प्रभाताई नव्वदीतही गात होत्या त्या लाईकवर नव्हे, रियाजावर.

चाफेकळी:
एका मुलीवरून अख्ख्या पिढीला धोपटलंत ना पण.

परभणीकर:
पोचत नाही हे एकदम बरोबर. आमच्या तालुक्यात पुस्तकाचं दुकान म्हणजे गाईड आणि वह्या. कादंबरी पाहिजे तर एसटीने जिल्ह्याला जा, तिथंही स्पर्धा परीक्षाच. मी तर सरळ टेलिग्रामवरच्या पीडीएफ वाचतो, शेकडो वाचल्या, नाहीतर मला मराठी साहित्य कळलंच नसतं.

अनुवाद-मजूर:
हे वाचून हात थरथरतायत माझे. मी अनुवाद करते. एका पुस्तकावर सात महिने, रात्री मुलं झोपल्यावर. आवृत्ती ५०० प्रतींची. दहाव्या दिवशी कुणीतरी अख्खं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकलं, खाली ‘धन्यवाद सर’ म्हणणारे दोनशे. दुसरी आवृत्ती निघालीच नाही. अनुवादक कुठे आहे विचारता ना चाफेकळी, तो इथे आहे, दुसरी नोकरी शोधतोय. ही चोरी आहे, दुसरा शब्द नाही.

परभणीकर:
चोर कुणाला म्हणता? माझे वडील सालगडी होते. साडेतीनशेचं पुस्तक म्हणजे घरातलं किती दिवसांचं किराणा हे तुम्हाला पुण्यामुंबईत बसून कळणार नाही. ओव्यांवर कुणाचा हक्क होता का? सगळ्या बायांच्या होत्या. एक लाखावर ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी गावोगाव फिरून जमवल्या, त्यातल्या कितीतरी आज नेटवर फुकट ऐकायला आहेत, कुणाचं काय बिघडलं?

अनुवाद-मजूर:
मी पुण्यामुंबईची नाही, लातूरची आहे, भाड्याच्या घरात राहते. आणि ओव्यांचं उदाहरण देऊ नका. त्या बाया स्वतः माइकसमोर बसून गायल्या, नावागावासकट नोंद आहे. माझ्या पुस्तकाचं स्कॅन करताना माझं नाव असलेलं पानच गाळलं होतं. फुकट वाचायचं तर कायद्यानेच सोय आहे, लेखक जाऊन ६० वर्षं झाली की पुस्तक सगळ्यांचं. साने गुरुजी १९५० ला गेले, वाचा ना खुशाल. पुलं २००० साली गेले, त्यांचं तुम्ही फुकट वाटू शकत नाही. मी तर जिवंत आहे हो.

किल्लीवाला:
तुम्ही दोघं भांडताय आणि ज्या जागी हे सुटायला पाहिजे तिचं नाव कुणी घेत नाही. ग्रंथालय. मी ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयात आहे १९ वर्षं. १९६७ चा ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदान आहे, पण ते येतं हप्त्यात, त्यातच भाडं, वीज, वर्तमानपत्रं, माझा पगार आणि उरलं तर पुस्तकं. या पगारावर मी मुलीचं लग्न नाही करू शकलो, उसनवारी केली. तरी कपाट रोज उघडतो. एका म्हातारीला दिसत नाही, तिला नातू वाचून दाखवतो म्हणून दर शनिवारी पुस्तक घरी नेऊन देतो. परभणीकर, तुमच्या गावात वाचनालय नाही का?

परभणीकर:
आहे. पाटी आहे. बारावीत रोज संध्याकाळी जायचो, कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते म्हणायचे उद्या ये. असे दोन वर्षं उद्या उद्या केले मला.

किल्लीवाला:
मग तुमचा राग खरा आहे. आमच्यातले काही तसे आहेत, नाही म्हणत नाही.

तंबोरा:
विषय गाण्याचा होता, पीडीएफवर कसा गेला?

चाफेकळी:
गाण्याचाही हाच विषय आहे काका. तुमच्या क्लासची फी भरू न शकणारी पोर यूट्यूबवरूनच शिकणार ना.

तंबोरा:
ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून मी फी घेत नाही, हे न विचारता लिहू नका. बाकी ताटावर हात फिरवून ओवी येते ते पटलं, लय अंगातच असते, मीही मुलांना आधी टाळी द्यायलाच लावतो. अख्खी पिढी म्हणायला नको होतं, तेवढा शब्द मागे. गुलाबी साडीबद्दल मत तेच.

परभणीकर:
अनुवाद-मजूर ताई, पानावरून नाव गाळणं वाईटच, तेवढं मान्य. आता मला नोकरी आहे. तुमचं ते पुस्तक कितीला होतं?

अनुवाद-मजूर:
३२०. टपालखर्च वेगळा. घरी सहा प्रती उरल्यात, पत्ता मेसेजमध्ये टाका. आणि आधी ग्रुपवरची ती फाईल काढायला सांगा.