सामायिक सोलर: वीज सगळ्यांची, मग भांडण कोणाचं?

खटपट्या_सचिव:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "गावोगावी सौर सहकारी संस्था काढा, उरलेली वीज विका, गाव मालामाल." वाचून डोकं उठलं. पॅनेल काय, कोणीही बसवतो. खरी कसोटी हिशेबाची. आमच्या सोसायटीने गच्चीवर सोलर घेतलं. केंद्राचं अनुदान किलोवॉटला 18,000, तेही फक्त लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे असल्या सामायिक वापरासाठी. बिल उतरलं आणि भांडणं चढली. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, गच्ची आमच्या डोक्यावर, गळती आम्ही सोसायची, मेंटेनन्स कमी करा. तळमजला म्हणतो, आम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, आम्हाला काय मिळालं? एक इमारत सांभाळता येईना, आणि हे गाव चालवणार!

उन्हाळी:
ठोकून देणारा मीच. ढुंडी ऐकलंय? गुजरातेत, खेडा जिल्हा. तिथल्या शेतकऱ्यांची मंडळी सौरपंपाची उरलेली वीज 2016 पासून वीज कंपनीला विकते. 25 वर्षांचा करार, युनिटला 4.63 रुपये. पाणी कमी उपसलं की विकायला वीज जास्त. इथे सभासदांकडून वसुली कसली, पैसे कंपनीकडून येतात.

प्रवराकाठ:
सहकार आणि वीज एका वाक्यात आले की आम्हा नगरकरांना मुळा-प्रवरा आठवते, गावोगावी वीज पुरवणारी आमची सहकारी संस्था. थकबाकी डोंगराएवढी झाली, 2011 ला कारभार महावितरणकडे गेला. झाली हौस?

जुना_सभासद:
बुडाली की बुडवली? गिऱ्हाईक शेतकरी, पंपाला सवलतीचा दर, मग ताळमेळ बसणार कसा?

प्रवराकाठ:
आले पुढाऱ्यांचे वकील! बिलं थकवणारे काय मंगळावरून आले होते?

जुना_सभासद:
तोंड सांभाळून बोला. माझ्या वडिलांनी एक बिल थकवलं नाही. रात्रीची लाइट यायची, बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जायचे, बांधावर साप. आज दिवसा उन्हावर मोटर चालत असेल तर संस्था कोणाची याच्याशी मला देणंघेणं नाही. तुम्ही एसीत बसून सहकाराला शिव्या घाला.

प्रवराकाठ:
एसी नाही, पंखा आहे. तोही आत्ता बंद आहे.

खटपट्या_सचिव:
अहो, धागा सोलरचा होता! उन्हाळी, ढुंडी मान्य. पण सुरुवातीला सभासद सहा, आणि विजेच्या दरावर एका आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचा बोनस. एवढे लाड झाले तर आमची सोसायटीपण गुण्यागोविंदाने नांदेल.

उन्हाळी:
बोनसचं खरंय. घ्या, जिंकलात, पेढे वाटा. पण हमखास गिऱ्हाईक आणि लेखी दर, हे दोन नसतील तर कुठलंच मॉडेल उभं राहत नाही, एवढं तरी पटतंय का?

खटपट्या_सचिव:
पटतंय. मग रविवारच्या सभेत तळमजल्याला काय सांगू?

उन्हाळी:
लिफ्ट नसेल वापरत, पंपाचं पाणी तर पितात?

खटपट्या_सचिव:
विचारलं. म्हणे, आमच्याकडे नळाला दाबानेच येतं.